नांदीलाच पडदा

सांगलीत नाटक मध्येच बंद पडणं हा साधा प्रकार नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून नाटकाचा खोळंबा हा इथल्या माणसाला वैयक्तिक अपमान वाटतो. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, या बाबतीत अस्सल सांगलीकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांची दिनचर्या ठरलेली. सकाळी पेपरात छापलेल्या कोयनेच्या पाणीपातळीतली चूक शोधायची आणि दिवेलागणीनंतर लॅपटॉपवर नाटक लावायचं. नाटक नसेल तर सत्यजित राय. नवरा त्यांना एक मोठी हार्ड डिस्क भरून देऊन मोकळा झालाय. ती अण्णा देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवतात, कारण आंघोळ केल्याशिवाय कोणी हात लावत नाही अशी घरात तेवढी एकच जागा आहे.

तर मे महिन्यात प्लेअर बंद पडायला लागला. फाईलवर टिचक्या मारल्या की काळी खिडकी उघडायची, पेटीचा सूर लागायचा, सूत्रधाराने नांदीसाठी घेतलेला श्वास ऐकू यायचा आणि खिडकी गुप्त. चूक काय झाली याचा एक शब्दही नाही. मागे डेस्कटॉपवर आमचा गणपतीपुळ्याचा समुद्र तेवढा निवांत पसरलेला. अण्णा पुन्हा टिचक्या मारायचे. पेटी, श्वास, समुद्र. दुसरं नाटक लावलं, तिसरं लावलं, शेवटी रायांचा सिनेमा लावला. समुद्रच.

“नांदीलाच पडदा पडतोय,” अण्णा म्हणाले. घरात कुणी गेल्यावर ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात.

आपल्याकडे माणूस आजारी पडला तर निदान डॉक्टर नंतर करतो, आधी भेटायला आलेले करतात. लॅपटॉपचंही तेच. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “तापलाय तो. किती वेळ मांडीवर घेऊन बसता!” मग तो पंख्याखाली ठेवला. मोठ्या नणंदेने फोनवर व्हायरसचं निदान केलं आणि शेजारच्या बाईंकडे असंच झालं होतं तेव्हा बँकेतले पैसे गेले होते, अशी पुस्ती जोडली. तेव्हापासून आई लॅपटॉप उघडा असताना त्या खोलीत पासबुक नेईनात. वरच्या मजल्यावरचे काका, ज्यांना आमची अख्खी सोसायटी कॉम्प्युटरमधलं शेवटचं न्यायालय मानते, ते पायजम्यावरच खाली आले. लॅपटॉपच्या पाठीवर दोन बोटांनी वाजवून बघितलं आणि म्हणाले, “सरकारने बंदी घातली होती ना याच्यावर? तीच असणार. मागून बंद करतात.”

काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. आमचा प्लेअर म्हणजे व्हीएलसी. २०२२ च्या फेब्रुवारीपासून त्याचं संकेतस्थळ भारतात उघडत नव्हतं आणि ते नोव्हेंबरात पुन्हा उघडायला लागलं, हे खरंच आहे. पण अडवलं होतं ते संकेतस्थळ. घरोघरच्या कॉम्प्युटरांत आधीपासून बसलेला प्लेअर त्या काळातही बिनबोभाट चालत होता. कुठल्याही मंत्रालयात आमच्या अण्णांची नांदी थांबवण्यासाठी माणूस नेमलेला असेल, हे मला पटेना. अण्णांना मात्र ते थोडंसं आवडलं. निवृत्त माणसाला सरकारने अजून आपली दखल घ्यावी असं वाटतंच.

मग दुकान. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण सगळ्याच गावांत ते एकच दुकान असतं. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. “फॉरमॅट मारून घ्या,” तो म्हणाला. फॉरमॅट मारायचा, नवीन विंडोज टाकायचं. त्याने नाही भागलं तर एसएसडी टाकायची आणि त्यानेही नाही भागलं तर हा एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घ्यायचा. तिन्ही उपायांचे दर त्याला पाठ होते. बिघाड काय आहे हे त्याने विचारलं नाही. नाटक कुठलं होतं तेही नाही, आणि अण्णांना त्याचाच जास्त राग आला.

घरी आल्यावर नवऱ्याने सूत्रं हातात घेतली. तो म्हणाला, काढून टाकू आणि पुन्हा घालू. त्याने प्लेअर अनइन्स्टॉल केला, लॅपटॉप बंद केला, चालू केला, नवाकोरा प्लेअर उतरवून बसवला. सगळे खुर्च्या ओढून मागे बसले. पेटी, श्वास, समुद्र. ये रे माझ्या मागल्या.

इथे मला त्या यंत्राबद्दल पहिल्यांदा कुतूहल वाटायला लागलं. मी शाळेत मराठी शिकवते. काढून टाकून पुन्हा आणलेली गोष्ट तोच हट्ट घेऊन परत आलेली मी दरवर्षी जूनमध्ये नववीच्या वर्गात बघते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो कशामुळे, हे शोधायला मी बसले. तो पीळ वेगळ्या खोलीत राहतो, असं निघालं.

आपण जो कार्यक्रम बसवतो तो कॉम्प्युटरच्या एका फोल्डरात बसतो. तो सगळ्यांसाठी सारखा: पॅरिसात तोच, सांगलीत तोच. पण आपण त्याला ज्या आवडीनिवडी सांगतो, म्हणजे आवाज इतका ठेव, अक्षरं एवढी मोठी दाखव, मला दरवेळी प्रश्न विचारू नकोस, त्या तो तिथे ठेवत नाही. त्या ठेवतो आपल्या नावाच्या फोल्डरात, अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या कप्प्यात, त्याच्या आत रोमिंग, त्याच्या आत व्हीएलसी. तिथे व्हीएलसीआरसी नावाची एक फाईल असते. प्लेअर काढून टाकला तरी, ‘याही काढा’ अशी खूण मुद्दाम केल्याशिवाय, ती फाईल जागची हलत नाही. नवा प्लेअर आला की आधी ती उघडतो, आपण कोणाच्या घरात आलोय ते वाचतो आणि निमूटपणे तसा वागतो. ती वाचून तो मरत असेल तर दरवेळी वाचून दरवेळी मरतो. इतकी आज्ञाधारक वस्तू आमच्या घरात दुसरी नाही.

प्लेअरची बाजू इथेच मांडून टाकते, कारण त्याचा यात काडीचा दोष नव्हता. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी शाळेत मुलांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवं होतं, गेम खेळायला. तसं सांगून पैसे कोण देणार? मग त्या नेटवर्कवरून उपग्रहावरचे टीव्हीचे कार्यक्रम खोल्याखोल्यांत दाखवायचा प्रकल्प निघाला, आणि ते कार्यक्रम बघण्याचं जे साधन तयार झालं ते म्हणजे हा प्लेअर. २००१ च्या १ फेब्रुवारीपासून तो सगळ्यांसाठी खुला झाला. फुकट, जाहिराती नाहीत. जाहिराती घालायला मोठमोठ्या रकमा घेऊन लोक आले आणि झां-बाप्तिस्त केम्फ या त्यांच्या म्होरक्याने त्या परत पाठवल्या. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्या खात्यात असता तर गडचिरोलीला बदली झाली असती त्याची.”

आपल्याकडे हा प्लेअर घरोघरी पोचला तो वेगळ्याच गुणामुळे. पुढ्यात येईल ते चालवतो. लग्नाच्या व्हीसीडीवरच्या डॅट फाईली, मुंजीच्या डीव्हीडीचे तुकडे, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर अर्धवट उतरलेलं कीर्तन, याला काही वर्ज्य नाही. बाकीचे प्लेअर ‘कोडेक नाही’ म्हणून हात वर करत, तेव्हा हा आपला शिधा बरोबर घेऊनच यायचा. नणंदेच्या लग्नाची कॅसेट आम्ही डिजिटल करून आणली तेव्हा तिच्यातला वरमाईचा रुसवासुद्धा याने जसाच्या तसा दाखवला.

आणि त्याचं चिन्ह म्हणजे तो नारिंगी-पांढरा शंकू, रस्ता खणल्यावर ठेवतात तो. त्या कॉलेजातल्या नेटवर्कवाल्या मुलांना रस्त्यावरचे शंकू गोळा करून आणायचा नाद होता, त्यावरून तो आला. आईंना हे माहीत नव्हतं तोवर त्यांचा समज होता की आपल्या लॅपटॉपमध्ये महापालिकेचं काहीतरी काम चालू आहे. मे महिन्यातल्या त्या परिस्थितीत हा समज खोटा ठरवणं मला जड गेलं.

शंकूवरून आणखी एक. दरवर्षी नाताळच्या सुमारास हा शंकू डोक्यावर लाल टोपी घालतो. बनवणाऱ्यांची गंमत. मागच्या डिसेंबरात ती टोपी पहिल्यांदा अण्णांच्या नजरेला पडली तेव्हा आमच्याकडे मोठा हलकल्लोळ झाला होता. काका खाली आले, “हॅकरने खूण करून ठेवलीय,” म्हणाले. वायफाय काढलं, अँटीव्हायरस रात्रभर फिरवला. नव्या वर्षात टोपी आपोआप उतरली, तेव्हा आपणच ती उतरवली अशी काकांची समजूत झाली. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल.

तर उपाय सापडला होता आणि तो लाजिरवाणा सोपा होता. ज्यांनी प्लेअर बनवला त्यांना माणसांचा अनुभव दांडगा असावा, कारण विंडोजच्या स्टार्ट मेनूत प्लेअरच्या नावाशेजारीच दुसरी एक ओळ त्यांनी घालून ठेवली आहे: प्रेफरन्सेस आणि कॅशे फाईली रीसेट करा. एक टिचकी. सगळ्या आवडीनिवडी पुसल्या जातात आणि प्लेअर जन्मला त्या दिवसासारखा होतो. मी ती ओळ दाखवली आणि बोट उचललं.

“थांब,” अण्णा म्हणाले. “सगळ्या म्हणजे? माझं पिवळं?”

पिवळ्याची गोष्ट अशी. रायांचे जुने सिनेमे कृष्णधवल. त्यांत धोतर पांढरं, आभाळ पांढरं, काशफुलांचं अख्खं रान पांढरं, आणि खाली भाषांतराची अक्षरंही पांढरी. एखादं पात्र रानातून चालत चालत काही महत्त्वाचं बोललं की ते अण्णांना कळायचं नाही. म्हणून भाच्याकडून, म्हणजे नणंदेच्या मुलाकडून, त्यांनी अक्षरं पिवळी आणि मोठी करून घेतली होती. ती जाणार म्हटल्यावर त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. आईंना विचारलं तर त्यांचंही काहीतरी होतं, पण काय ते आठवेना. एवढंच म्हणाल्या, “माझंही घालवू नका हं.” नवरा म्हणाला, “रीसेट कशाला? एकदम टोकाला कशाला जायचं?” त्याच्या आवाजात एक बारीक घाई होती, जी मला तेव्हा कळली नाही.

माझ्या लक्षात आलं ते असं की फॉरमॅट मारायला हे लोक तयार होते. नवीन लॅपटॉप घ्यायलाही तयार होते, पन्नास हजार गेले तरी चालतील. पण चार आवडीनिवडी सोडायच्या म्हटल्यावर घरात असहकार सुरू झाला.

शेवटी तोडगा अण्णांच्या खात्याच्या रीतीने निघाला. सरकारी कार्यालयात फाईल फाडत नाहीत, रेकॉर्डला लावतात. मी म्हटलं, फाईल पुसायची नाही, नाव बदलायचं. प्लेअरला व्हीएलसीआरसी नावाची फाईल दिसली नाही की तो मुकाट्याने नवी करतो. जुनी तिथेच शेजारी, दुसऱ्या नावाने, सुरक्षित. पटलं नाही तर नाव पुन्हा बदलायचं. अण्णांनी मान हलवली. पण रेकॉर्डला लावण्याआधी फाईल वाचली पाहिजे, अशी त्यांनी अट घातली. “काय लिहिलंय त्यात ते तरी कळू दे. न वाचता कागद सोडायची मला सवय नाही.”

मी नोटपॅडमध्ये फाईल उघडली. हजारो ओळी. प्लेअरला जे जे म्हणून सांगता येतं ते सगळं तिथे, प्रत्येक गोष्टीचा एका ओळीत खुलासा आणि खाली तिची किंमत. बहुतेक ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह होतं. ते असलं म्हणजे ती ओळ झोपलेली, कारखान्यातून आली तशी. ज्या ओळीआधी हॅश नाही ती जागी, म्हणजे ती कोणीतरी हात लावून बदललेली आहे. त्या अफाट झोपलेल्या मजकुरात आमच्या घराच्या तेवढ्या चार-दोन ओळी टक्क जाग्या होत्या.

अण्णांनी कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी मागवली. ती पडद्यावर आडवी धरायची आणि एकेक ओळ खाली सरकवायची. आयुष्यभर कंत्राटदारांची मोजमाप पुस्तकं त्यांनी अशीच तपासली होती. दुसऱ्या हाताने ते पान सरकवत होते, पट्टीची सावली पांढऱ्या पडद्यावर थरथरत होती, आणि हॅश नसलेली ओळ आली की ते “हं” म्हणायचे. मी मोठ्याने वाचायची. हजेरी घ्यायची मला सवय आहेच.

पहिली ओळ अक्षरांच्या रंगाची निघाली. रंगाच्या जागी आकडा: १६७७६९६०. “हे माझं पिवळं?” अण्णांना ते पटेना. मग भाच्याला फोन लागला. त्याने सांगितलं, लाल २५५, हिरवा २५५, निळा शून्य, यांचा मिळून हा आकडा होतो. अण्णांनी वहीत २५५ गुणिले ६५५३६ मांडलं, त्यात २५५ गुणिले २५६ मिळवलं, आणि उत्तर जुळल्यावर प्लेअरबद्दल आदराने म्हणाले, “हिशेब चोख आहे.”

दुसरी ओळ चिन्ह बदलू न देण्याची. नाताळची टोपी! ती उतरल्यावर अण्णांनी शोधून शोधून चिन्ह बदलू देण्याची खूण काढून टाकली होती, पुन्हा असला चावटपणा नको म्हणून. आईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर फाईलमध्ये नोंदवून ठेवावी.

तिसऱ्या ओळीने मात्र घर हादरलं. प्लेबॅकचा वेग: ०.८०.

“हे माझं,” आई आनंदाने म्हणाल्या. “आठवलं! त्या रेसिपीवाल्या बाया किती भराभरा बोलतात. मैदा म्हणेपर्यंत कढईत पडलेलासुद्धा असतो. मी सांगितलं होतं त्याला, जरा हळू कर म्हणून.”

भाच्याने हळू केलं होतं, पण त्या व्हिडिओपुरतं नाही, कायमचं आणि सगळ्यांसाठी. व्हीएलसीची खुबी अशी की वेग कमी केला तरी स्वर उतरत नाही. पट्टी तीच राहते, गाणं फक्त लांबतं. म्हणजे कित्येक महिने आमच्या घरात प्रत्येक नाटक, प्रत्येक पद, प्रत्येक सिनेमा मूळ वेगाच्या चार पंचमांश वेगाने चालला होता. आणि याच महिन्यांत अण्णांनी ज्येष्ठ नागरिक संघात जुन्या गायकांच्या ठहरावावर भाषण दिलं होतं. ‘आजच्या पिढीला ती लय पेलणार नाही’ हे त्यातलं वाक्य टाळ्या घेऊन गेलं होतं. अण्णांची पट्टी थांबली. कोणी काही बोललं नाही. आईंनी हळूच चहा टाकायला उठावं हे त्या प्रसंगी फार शहाणपणाचं होतं.

चौथी ओळ. मी वाचली: नुकत्याच पाहिलेल्या फाईलींची यादी मेनूत ठेवू नये.

“हे कुणी केलं?” अण्णा.

आई आतून म्हणाल्या, मी नाही. भाचा फोनवरून म्हणाला, “आजोबा, मी नाही हं, मामी शप्पथ.” अण्णा म्हणाले, मला तर ती यादी लागते, काल कुठवर बघितलं ते कळायला. मीही नव्हते. राहिला नवरा. तो त्या वेळी पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता. “व्हायरस असेल,” तो म्हणाला. मी ओळ नंबर मनात नोंदवला आणि पुढे वाचायला लागले. संसारात काही फाईली नुसत्या रेकॉर्डला लावायच्या असतात.

पुढच्या दोन जाग्या ओळी गंभीर होत्या. एक हार्डवेअर डिकोडिंगची. ते मूळ ‘आपोआप’ वर असतं. इथे कोणीतरी मुद्दाम एक ठरावीक पद्धत निवडली होती. हे काकांचं काम. आईंनी एकदा तापतो म्हणून तक्रार केली होती, तेव्हा ते येऊन ‘सेट करून’ गेले होते. त्यात तथ्य होतं, चित्र उलगडण्याचं काम प्रोसेसरवरून काढून ग्राफिक्सकडे दिलं की प्रोसेसरचा भार उतरतो. दुसरी ओळ होती व्हिडिओ फिल्टरची आणि तिथे लिहिलं होतं: पझल.

“अरे!” भाचा फोनवर ओरडला. “आजोबांना शब्दकोडी आवडतात ना, म्हणून मी सुट्टीत आलो तेव्हा गंमत करून ठेवली होती. व्हिडिओचे तुकडे होतात आणि ते माउसने जुळवायचे, सिनेमा चालू असतानाच! भारी वाटतं. तुम्ही बघितलंच नाही?”

बघायला चित्र यावं लागतं.

एव्हाना रात्रीचे अकरा वाजले होते. मी प्लेअर नीट बंद आहे ना ते टास्क मॅनेजरमध्ये बघितलं, कारण खिडकी गेली तरी तो कधीकधी मागे रेंगाळत असतो आणि जाता जाता आपलं जुनं म्हणणं पुन्हा लिहून ठेवू शकतो. मग व्हीएलसीआरसीचं नाव बदलून ‘अण्णा-जुनी’ केलं. शेजारी खिडकीचा आकार आणि जागा लक्षात ठेवणारी दुसरी छोटी फाईल होती, तिचंही नाव बदललं. आणि टिचक्या मारल्या.

प्लेअर उघडला तो आम्हाला ओळखत नसल्यासारखा. आधी त्याने आपलं गोपनीयतेचं पत्रक पुढे केलं: इंटरनेटवरून गाण्यांची माहिती आणू का, नवी आवृत्ती आली का ते बघत जाऊ का. जगातल्या सगळ्या लोकांनी न वाचता ‘पुढे’ म्हटलेलं ते पत्रक अण्णांनी पट्टी लावून संपूर्ण वाचलं. मग पेटी. मग श्वास. मग नांदी! चित्र, सूर, सूत्रधार, सगळं जागच्या जागी. आईंनी नकळत हात जोडले.

अण्णांच्या कपाळावर मात्र आठी. “हा एवढा घाईत का गातोय?” ते म्हणाले. “याला गाडी पकडायचीय का?”

कोणीतरी सांगायला हवं होतं की गाणाऱ्याचा वेग हाच आहे आणि पन्नास वर्षांपूर्वीही हाच होता. नवरा पंख्याकडे बघायला लागला. मी फक्त म्हटलं, “उद्या बघू, अण्णा.”

बहुतेक घरांत गोष्ट इथे संपते. रीसेट केलं, चालू झालं, झोपा. पण रीसेटमध्ये एक मोठी खोट आहे: दोष कुणाचा ते कळत नाही. सगळ्यांना सरसकट माफी. हे अण्णांना मंजूर नव्हतं. बंधारा गळत होता आणि आता गळत नाही, एवढ्यावर त्यांनी कधीच अहवाल दिला नसता. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन बसले. जाग्या ओळींपैकी निम्म्या नव्या फाईलमध्ये घालायच्या आणि प्लेअर उघडून बघायचं. चालला तर दुसऱ्या निम्म्या घालायच्या. कालव्याची गळती शोधताना ते एकेक टप्पा असाच बंद करून बघायचे. फाईल बदलण्याआधी प्लेअर बंद, बदलल्यावर उघडायचा, निकाल वहीत, शेजारी वेळ आणि सही. सही कशाला, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

पिवळं निर्दोष. टोपी निर्दोष. आईंचा ०.८० निर्दोष. नवऱ्याची ती ओळही निर्दोष, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या. काकांची हार्डवेअरची ओळ एकटी घातली, प्लेअर चालला. भाच्याची पझलची एकटी घातली, प्लेअर चालला आणि सूत्रधाराचं नाक उजव्या कोपऱ्यात गेलं. अण्णांनी ते जुळवलंही, नांदी संपायच्या आत. मग दोन्ही ओळी एकत्र घातल्या. पेटी, श्वास, समुद्र.

कारण पुढे कळलं. हार्डवेअर डिकोडिंगमध्ये उलगडलेलं चित्र ग्राफिक्सच्या मेमरीत राहतं. पझलचा फिल्टर चित्राचे तुकडे करतो ते प्रोसेसरच्या बाजूला. एकाने ठेवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाताला लागत नाही, मधल्या मध्ये देवाणघेवाण करावी लागते आणि आमच्या लॅपटॉपच्या जुनाट ग्राफिक्स ड्रायव्हरला नेमकी तीच झेपत नव्हती. काकांनी चांगल्या हेतूने केलं होतं, भाच्यानेही प्रेमापोटी केलं होतं. दोघंही एकेकटे निरपराध, जोडीने गुन्हेगार. अण्णांनी अहवालात लिहिलं: ‘दोष संयुक्त. जबाबदारी निश्चित करता येत नाही.’ खात्यात असताना हेच वाक्य त्यांनी अनेकदा लिहिलं असणार, इतकं ते एका फटक्यात उमटलं.

अहवाल काकांना दाखवला. ते म्हणाले, “तरी मी म्हणत होतो.” काय म्हणत होते ते विचारू नये.

आता आमचा प्लेअर उत्तम चालतो. हार्डवेअरची ओळ ‘आपोआप’ वर आहे, पझल गेलं, अक्षरं पिवळी आहेत. वेगाच्या प्रश्नावर घरात बैठक झाली आणि अण्णांनी तो स्वतःच्या हाताने ०.८० केला. त्यांचं म्हणणं, गायकाने काय गायलं हा त्याचा प्रश्न, मी काय ऐकतो हा माझा. आईंच्या रेसिपीही त्यामुळे सोयीच्या झाल्या. भाषणाबद्दल कोणी विषय काढत नाही.

तुमच्याकडे असं झालं तर दुकानात जाऊ नका, फॉरमॅट मारू नका. प्लेअर पूर्ण बंद करा. विंडोजमध्ये लपवलेल्या फाईली दिसतील असं करा, अ‍ॅपडेटाच्या आत रोमिंगमध्ये व्हीएलसीचं फोल्डर गाठा, व्हीएलसीआरसीचं नाव बदला आणि प्लेअर पुन्हा उघडा. पुसू नका, नुसतं नाव बदला. आणि ती फाईल घरातल्या सगळ्यांना समोर बसवून मोठ्याने वाचू नका.